कूस बदलण्याचा उपचार

मणक्याला जबर मार बसून मज्जारज्जू दुखावला की नातेवाइकांचं सगळं लक्ष शस्त्रक्रियेकडे लागतं. पण अशा रुग्णांचं आयुष्य वाढवलं ते प्रामुख्याने शुश्रूषेने. पूर्वी अनेकांचा बळी शय्याव्रण चिघळून किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने जाई. १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायचा नेम घातला. मूत्राशयाची निगा, व्यायाम आणि खेळ हेही उपचारच मानले. त्या खेळांतूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं, आणि १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं.

आता शस्त्रक्रिया खूप पुढे गेली आहे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे, शक्यतो पहिल्या २४ तासांत मज्जारज्जूवरचा दाब काढावा, याला चांगला आधार आहे. मात्र तुटलेले मज्जातंतू शस्त्रक्रिया जोडू शकत नाही. १९९० च्या एका अभ्यासानंतर सर्रास दिलं जाणारं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषधही संसर्ग आणि रक्तस्रावाच्या धोक्यामुळे मागे पडलं. म्हणून घरी सोडताना कूस बदलणं, त्वचा तपासणं आणि कॅथेटर हाताळणं घरच्यांना शिकवलं नसेल, तर तो उपचार मी अर्धवटच मानतो.