पोस्टात आहे, पण खात्यात नाही

भारतात आज सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरे आहेत आणि दहातली नऊ खेड्यांत आहेत. त्यांतली बहुतेक शाखा डाकघरे, म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि दाराशी टांगलेली लाल पेटी. ही डाकघरे चालवणाऱ्यांना ‘ग्रामीण डाक सेवक’ म्हणतात. देशभरात त्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात जाते. गावाच्या लेखी हा माणूस पक्का सरकारी नोकर असतो, खात्याच्या लेखी तसा नसतो. जुन्या नियमांत त्याचे नावच ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट’, म्हणजे खात्याबाहेरचा माणूस, असे होते. २००१ च्या नियमांनी नाव बदलले, तरी पोस्टातली जुनी मंडळी अजून ‘ईडी’च म्हणतात. वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या ईडीशी या ‘ईडी’चा काही संबंध नाही.

ही पद्धत इंग्रजी अमदानीतली. लहान गावात दिवसाला चार पत्रे यायची, त्यासाठी पूर्ण पगाराचा पोस्टमास्तर परवडणारा नव्हता. मग शाळामास्तर किंवा दुकानदार अशा कुणाकडे थोड्या मोबदल्यावर पोस्ट सोपवले जाई. आजचे नियमही हाच हिशेब धरून चालतात. उमेदवाराला पोटापाण्याचे दुसरे साधन हवे. शाखेच्या पोस्टमास्तराने त्याच गावात राहायचे आणि पोस्टासाठी जागाही त्यानेच बघायची. निवड दहावीच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते. वय १८ ते ४० हवे, स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली हवी आणि सायकल चालवता यायला हवी. मोटारसायकल येत असेल तर सायकल येते असे धरले जाते.

कामाचा दिवस थैलीपासून सुरू होतो. उपडाकघरातून कॅनव्हासची थैली कधी एसटीने, कधी सेवकाच्याच दुचाकीवरून गावात येते. तोंड दोरीने बांधलेले आणि गाठीवर सील असते. ते शाबूत आहे ना, हे पाहिल्याशिवाय थैली उघडायची नाही, कारण एकदा उघडली की आतल्या रकमेची जबाबदारी उघडणाऱ्यावर येते. आतल्या यादीशी नोंदणीकृत टपाल आणि रोकड ताडून घ्यायची. शिक्क्यातले तारखेचे खिळे बदलायचे, एक ठसा कागदावर उमटवून पाहायचा आणि मग टपालावर शिक्के मारायचे.

त्यानंतर बटवडा. कागदावर हे काम सहायक पोस्टमास्तराचे किंवा डाक सेवकाचे. मनुष्यबळ कमी असेल तिथे मास्तरच खोलीला कुलूप लावून निघतो. एका शाखेखाली चार-पाच वाड्यावस्त्या असू शकतात. पत्ता बहुधा नाव, वडिलांचे नाव आणि वाडी एवढाच असतो. एका आडनावाची वीस घरे असतील तर पिनकोड तिथे कामाचा नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये आलेले ते सहा आकडे टपाल बटवड्याच्या पोस्टापर्यंत आणून सोडतात. पुढचे घर शोधायला माणूसच लागतो. ज्याचे टपाल देता आले नाही, त्याच्या पाकिटावर ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’ किंवा ‘मयत’ असा शेरा लिहून ते परत पाठवायचे.

खासगी पत्रे आता जवळपास संपली आहेत. बँकेच्या नोटिसा, न्यायालयाचे कागद, आधार कार्डे, पासपोर्ट आणि पार्सले मात्र येतात. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. खेड्यातल्या पोस्टाचे खरे वजन पूर्वीपासून पैशातच होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की घरी तांदूळ यायचा, म्हणून पोस्टमनची वाट पत्रापेक्षा पैशासाठी जास्त बघितली जाई. आज मनीऑर्डरची जागा खात्यात थेट जमा होणाऱ्या अनुदानाने घेतली आहे. २०१८ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यावर डाक सेवक मोबाइल आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन दारात जाऊ लागला. निंदणी-खुरपणीत झिजलेल्या बोटांचा ठसा पहिल्या झटक्यात सहसा उठत नाही. म्हातारी बोट पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसरे बोट. मध्येच रेंज जाते. मग दोघेही घराबाहेरच्या उंचवट्यावर जाऊन उभे राहतात.

पैसा आला की जोखीमही येते. पासबुकावर रक्कम लिहायची पण सरकारी हिशेबात दाखवायची नाही, हा शाखा डाकघरातल्या अफरातफरीचा जुना प्रकार. व्यवहार जागीच नोंदवणारी हातयंत्रे आल्यापासून तो अवघड झाला. संशय आला की सेवकाला ‘पुट ऑफ ड्यूटी’ करतात, म्हणजे चौकशी होईपर्यंत घरी बसवतात. रोकड कमी भरली तर ती खिशातून भरावी लागते.

मोबदला तासांवर ठरतो. सेवकांच्या मोबदल्याचा आढावा घेणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर १ जुलै २०१८ पासून शाखा पोस्टमास्तराला चार तासांसाठी महिना १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपये मूळ भत्ता सुरू झाला. सहायकाला अनुक्रमे १०,००० आणि १२,००० रुपये. वर महागाई भत्ता आणि वर्षाला तीन टक्के वाढ. खटका आहे तो तासांवर. कामे बँकेची, विम्याची आणि बटवड्याची, तरी जास्तीत जास्त पाच तासच धरले जातात. खाते उघडण्याची उद्दिष्टे वरून येतात. आणि संध्याकाळी सात वाजता कुणी पासबुक घेऊन दारात उभे राहिले, तर ‘माझे तास संपले’ असे आपल्याच गावात म्हणता येत नाही. दुसरे उत्पन्न असेलच, हे गृहीतकही आता लंगडे झाले आहे. अनेक तरुणांचे तेच एकमेव उत्पन्न असते.

हे लोक नेमके कोण, हा प्रश्न न्यायालयातही गेला. त्यांचे पद नागरी पद आहे, त्यामुळे त्यांना वाटेल तसे काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरवले. पेन्शन मात्र मिळाली नाही. नोकरी वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत असते. खात्यांतर्गत परीक्षा देऊन सेवक पोस्टमन किंवा एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) झाला, तर त्या दिवसापासून तो खात्यातला. आधीची सेवा पेन्शनच्या हिशेबात धरता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.