शिडाची जहाजे आणि इंग्रजी वाक्प्रचार

गती आणि दिशा यांचा निर्देश करणारे वाक्प्रचार प्रत्येक भाषेत असतात. मराठीत घोडे पेंड खाते, गाडे अडते, एखादा काढता पाय घेतो. ही गती बहुतांशी रस्त्यावरची आहे. इंग्रजीतील पुष्कळशी गती समुद्रावरची आहे. कित्येक शतके इंग्लंडचा परदेशांशी चालणारा व्यापार आणि त्याची सागरी युद्धे शिडाच्या जहाजांवर अवलंबून होती. खलाशांची परिभाषा हळूहळू किनाऱ्यावरील बोलीत मिसळली. १९व्या शतकात वाफेची जहाजे आली, शिडे मागे पडली, शब्द मात्र राहिले. त्यांचा शब्दशः अर्थ करू जाणारा परका वाचक हमखास फसतो.

‘टेकन अबॅक’ म्हणजे चकित होणे, थबकणे. वारा एकाएकी फिरला किंवा सुकाणू धरणाऱ्याची चूक झाली, की वारा समोरून शिडांवर आदळे आणि ती डोलकाठीवर दाबली जात. वेगाने चाललेले जहाज जागीच थांबे, क्वचित डोलकाठीही मोडे. शब्दांत उरलेला अर्थ या धक्क्याचा आहे.

‘वाइड बर्थ देणे’ हा प्रयोग वाचून आपल्याकडील वाचकास आगगाडीतील झोपण्याची जागा आठवली, तर नवल नाही. मुळात बर्थ म्हणजे जहाजाला सुरक्षितपणे वळता-फिरता यावे एवढी मोकळी जागा. खडकाला किंवा दुसऱ्या जहाजाला ती भरपूर द्यावयाची, म्हणजे त्यापासून चार हात दूर राहावयाचे.

सर्वांत फसवा शब्द ‘लीवे’. वारा बाजूने वाहत असता शिडाचे जहाज पुढे सरकते तसेच वाऱ्याच्या रेट्याने आडवेही वाहवत जाते. पुढील गती ती ‘हेडवे’, आडवी ती ‘लीवे’. ‘मेक हेडवे’ म्हणजे प्रगती करणे, हे सरळ आहे. लीवेचे तसे नाही. वाहवण्यासाठी नाविकाला जागा राखून ठेवावी लागे, अन्यथा जहाज खडकावर जाई. यावरून ‘मोकळीक, सवलत’ असा अर्थ रूढ झाला. पण ‘मेक अप लीवे’ म्हणजे अनुशेष भरून काढणे. एखाद्या विद्यार्थ्याला पुष्कळ लीवे भरून काढावयाचा आहे, या वाक्यात त्याला मिळालेली मोकळीक पाहणारा भाषांतरकार मागे पडलेल्या मुलाला स्वैर करून सोडील.

‘डोल्ड्रम्स’ची कथा मात्र उलटी. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्याचे हे नाव मनाच्या मरगळीला मिळाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः शब्द मरगळीचा होता. आठवडेच्या आठवडे वाऱ्याची वाट पाहत पडून राहण्याचा तो प्रदेश त्या नावाने नंतर ओळखला जाऊ लागला.