ब्रिज बदलायचाय? आधी फूटपट्टी काढा!

आठवडाभर ऑफिस, शनिवारी जॅमिंग. पगार हातात खेळायला लागला की बास गिटारवाल्या मंडळींना अपग्रेडची खाज सुटते आणि पहिली नजर जाते ती ब्रिजवर. जाडजूड, चकचकीत पितळी ब्रिज बसवला की आवाज एकदम भारी होणार, असा सार्वत्रिक समज. खरंच होतो का?

लिओ फेंडरने १९५१ मध्ये आणलेल्या प्रिसिजन बासचा ब्रिज म्हणजे वाकवलेला पत्रा आणि त्यावर दोन सॅडल. १९५७ पासून प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळालं. मोटाउनच्या जेम्स जेमरसनने असल्या साध्या पत्र्यावरच साठच्या दशकातली हिट गाणी वाजवली. उलट 'रश'च्या गेडी लीच्या जॅझ बासवर 'बॅडअ‍ॅस' नावाचा वजनदार ब्रिज. दोघांचाही आवाज लाखात एक! जड ब्रिजमुळे सूर जरा जास्त टिकतो, असं बरेच वादक सांगतात. टिकत असेलही. पण ड्रमरच्या शेजारी उभं राहून तो फरक कोणाला कळणार, बॉस? जुनाट तारा बदलून जेवढा फरक पडतो, तेवढा ब्रिजने पडत नाही. (आणि तारा स्वस्त पडतात.)

मग बदलायचा कधी? वाजवताना सॅडल आडवं सरकतंय, उंची आपोआप उतरतेय, किंवा बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी जुळत नाही आणि सॅडल सरकवायला जागाच उरली नाही, तेव्हा बेलाशक बदला. घामाने आणि मुंबईच्या दमट हवेने नुसते स्क्रू गंजले असतील, तर मात्र नवे स्क्रू आणा, काम भागतं.

ऑर्डर देण्याआधी मापं घ्या. फेंडर पद्धतीत दोन तारांमधलं अंतर साधारण १९ मिमी, म्हणजे ई ते जी ५७. स्क्रूची भोकं मोजा. स्वस्त कॉप्यांवर ती दिसतात तशीच, पण मिलीमीटरभर इकडेतिकडे असू शकतात, आणि मग लाकडात नवी भोकं पाडणं आलं. ब्रिजचा तळ किती जाड आहे तेही बघा. तो जास्त जाड निघाला, तर सॅडल पार खाली नेलं तरी तारा उंचच राहतात आणि नेकखाली पाचर घालायची वेळ येते. 'बॅडअ‍ॅस टू'ची सॅडल तर खाचांशिवाय यायची, खाचा कानशीने स्वतः पाडायच्या! गोटोच्या '२०१'ला ती कटकट नाही. हिपशॉटकडे पितळेबरोबर अ‍ॅल्युमिनियमचाही पर्याय आहे. बास खांद्याला अडकवून लोकल पकडणाऱ्यांनी तोच घ्यावा.

आणि हो, जुना ब्रिज उचलला की खाली एक बारीक उघडी वायर दिसेल. ती तारांचं अर्थिंग आहे, कापू नका. नव्या ब्रिजच्या धातूला ती घट्ट टेकली नाही, तर अँप चालू करताच घूंऽऽ सुरू होईल आणि तारांना हात लावूनही थांबणार नाही. स्क्रू पूर्ण आवळण्याआधी मल्टिमीटर लावून बघा.