ट्रॉलीत भरलेला संसार

दसरा-दिवाळीच्या मागेपुढे बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत वाड्या-तांड्यांच्या तोंडाशी ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या. पुढचे पाच-सहा महिने या ट्रॉल्या फडातून कारखान्यापर्यंत ऊस ओढणार. पहिली खेप मात्र माणसांची आणि त्यांच्या घरांची असते. वडवणी तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या एका टोळीबरोबर मी ही खेप केली. जायचं होतं सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या हद्दीत, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर.

ट्रॉली भरायचं काम पुरुष करतात, पण काय कुठं ठेवायचं हे बायका सांगतात. सगळ्यात खाली धान्य: ज्वारी-बाजरीची पोती, तांदूळ, डाळीची गाठोडी. पोत्यांच्या फटीत गोणपाटात घट्ट गुंडाळलेले, नुकतेच लोहाराकडून पाजवून आणलेले कोयते. हिसक्याने ते सरकले तर कुणाच्या तरी पायावर यायचे, म्हणून त्यांच्यावर पुन्हा पोतं. कडेने जळणाच्या मोळ्या उभ्या रचतात. त्याने वारा अडतो आणि लेकरांना टेकायला भिंत मिळते. पाण्याचं पिंप, घागरी, परात, तवा मागच्या बाजूला, हात घालताच सापडतील असे. मिरचीपूड आणि येसराचे डबे कपड्यांच्या बोचक्यात. सगळ्यात वर वाकळा आणि गोधड्या अंथरायच्या, कारण आता तीच बैठक आणि तेच अंथरूण. त्यावर ताडपत्री. खुराड्यातल्या कोंबड्या एका खांबाला, शेळी दुसऱ्या खांबाला.

मग माणसांच्या जागा. ट्रॉलीच्या मागच्या टोकाला दणके जास्त बसतात, म्हणून पोटुशी बाई आणि अंगावर पिणारी लेकरं मधोमध. तरणी पोरं कडेला. या टोळीत दहा कोयते होते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तीही त्याच हिशोबाने दिलेली असते. मुकादमाने पावसाळ्यातच ती वाटलेली असते आणि कुणाच्या लग्नात, दवाखान्यात, बी-बियाण्यात ती संपलेलीही असते. म्हणजे ट्रॅक्टर हलतो तेव्हा माणसं कमवायला निघालेली असतात, तशीच फेडायलाही.

चाकापुढे नारळ फुटला. ज्यांची लेकरं शाळेत, त्यांतल्या काहींनी ती आजीजवळ ठेवली होती. जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहांमुळे अशा लेकरांची निदान जेवणाची आणि अभ्यासाची सोय होते. एका आईने पोराला खाली वाकून एवढंच सांगितलं, “आजीला तरास देऊ नको. शाळा बुडवू नको.” आणि ती ट्रॉलीत चढून पाठ करून बसली.

घाटसावळीवरून बीड आणि बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट. जोडट्रॉलीचा ट्रॅक्टर घाटात पहिल्या गिअरवर येतो. तशी तरणी माणसं उड्या मारून खाली उतरली आणि दोघं-तिघं हातात मोठाले दगड घेऊन चाकांच्या मागून चालू लागले. इंजिन दमलं, ट्रॅक्टर मागे सरकेल असं वाटलं, की लगेच चाकाला उटी. ड्रायव्हर आरशात बघत नव्हता, नुसता आवाज ऐकत होता: “लाव... काढ... चल!” वळणावर मागच्या ट्रॉलीचं चाक कड्याच्या बाजूला जातं तेव्हा वर बसलेल्या बायका बोलायच्या थांबतात आणि एकमेकींच्या लेकरांनाही धरतात. घाट चढून गेल्यावर पाणी फिरलं, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. धपाटे दोन दिवस टिकतात, म्हणून प्रवासाला तेच.

मांजरसुंब्याहून लिंबागणेश, पाटोदा असा रस्ता बालाघाटाच्या पठारावरून जातो. ही माणसं घर सोडून का जातात, ते या पठारावर उघड दिसतं. गवखडीजवळ मांजरा उगम पावते. सिंदफणाही याच डोंगररांगांत जन्मते. पण उगमाच्या गावांना नदीचं पाणी लाभत नाही, ते उतारावरून निघून जातं. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. वर मुरमाड, हलकी जमीन. एक खरीप हाताला लागलं तर लागलं. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि त्यांना तोडणीला हात हवे होते. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसं आणखी घराबाहेर काढली. ती वाट आजतागायत चालू आहे.

पाटोद्याच्या पुढे सौताड्याला पठार संपतं. इथं विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते. मांजरा, सिंदफणा गोदावरीला मिळतात. विंचरणेचं पाणी मात्र सीनेला, सीनेचं भीमेला आणि भीमेचं कृष्णेला. म्हणजे सौताड्याला पोचेपर्यंत आपण गोदावरीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात आलेलो असतो आणि उतार उतरला की पुढे अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड. टोळीची वाट अशी पाण्याच्या दिशेने जाते.

दिवस कलला तशी माझ्याशेजारच्या बाईची चुळबुळ मी बघत होते. तिला तांब्या दिला, तिने ओठ ओले करून तो लेकराकडे सरकवला. “सकाळधरनं दोन घोट पेले मी. पाणी पेलं की उतरायची पंचाईत. आन् उतरायचं तर कुढं, सांगा ताई?” वाटेत एका पेट्रोल पंपावर ट्रॅक्टर थांबला, तर जोडट्रॉली इथं लावू नका म्हणून पुढे काढायला लावला. शेवटी अंधार पडल्यावर बायका घोळक्याने बांधाच्या आडोशाला गेल्या, दोघी बॅटरी घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ट्रॉलीतल्या बहुतेक जणींनी दिवसभर तहान मारली होती. ज्यांची पाळी चालू होती त्यांचे हाल विचारू नयेत. २०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्याची कारणं अनेक आहेत आणि ती दवाखान्यापासून फडापर्यंत पसरलेली आहेत. पण या बायकांच्या शरीराची हेळसांड फडात पोचायच्या आधी, रस्त्यावरच सुरू होते, हे मी शेजारी बसून पाहिलं.

करमाळ्याच्या अलीकडे मुक्काम पडला. तीन दगडांची चूल, कडेला रचलेल्या मोळीतलं जळण, पिठलं आणि गरम भाकरी. तासाभरात वीस माणसं आणि लेकरं जेवून उठली. मग रात्रीची खरी काळजी: मागून येणारं वाहन. मागच्या ट्रॉलीला चमकणाऱ्या पट्ट्या होत्या, त्यातल्या काही उखडलेल्या. तिथं लाल कापड बांधलं. तरीही एक पोरगा बॅटरी घेऊन मागच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून बसला. दोन तासांनी दुसरा. वाकळेत शिरलेली माणसं प्रत्येक ट्रकच्या उजेडाला डोळे उघडत होती.

तोडणीची मजुरी टनावर मिळते. २०२४च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती लढून मिळाली आणि ती मोलाची आहे. पण टनावरच्या मजुरीत प्रवासाचा दिवस मोजला जात नाही. जाताना नाही, येताना नाही.

पहाटे टेंभुर्णी मागे पडलं. पंढरपुरात चंद्रभागेच्या पुलावर सगळ्या ट्रॉलीने हात जोडले. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा गेल्या आणि मिरजेच्या बाजूला दोन्हीकडे उसाची हिरवी भिंत सुरू झाली. दुपारी ट्रॉल्या एका मोकळ्या रानात लागल्या. जसं भरलं त्याच्या उलट क्रमाने उतरवलं. बांबू रोवले, चटया वाकवल्या, वर ताडपत्री ओढली आणि दिवस मावळायच्या आत दहा कोप्या उभ्या राहून चुली पेटल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तोड.

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन हौसेने फिरणाऱ्यांना थांबायला पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली जागा हवी, हे त्यात मान्य केलं आहे. ते योग्यच आहे. पण त्याआधी कितीतरी वर्षं याच राज्यात लाखो माणसं आपलं घर चाकांवर घालून ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या रस्त्याने जात-येत आहेत. कोणत्या गावची किती कोयत्यांची टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, हे कारखान्याच्या करारात लिहिलेलं असतं. त्यामुळे मांजरसुंबा, जामखेड, करमाळा, पंढरपूर, सांगोला अशा पाच-सहा ठिकाणी रस्त्यापासून आत ट्रॉल्या लावायला जागा, नळ, दिवे आणि बायकांसाठी कडी लागणारी स्वच्छतागृहं उभी करणं अवघड नाही. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याणकारी महामंडळ आहे. त्यासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचं ठरलेलं आहे. त्या पैशावर पहिला हक्क या रस्त्याचा असायला हवा. महामंडळ, कारखाने आणि वाटेवरच्या जिल्हा परिषदा यांनी मिळून पावसाळ्यातच, उचल वाटली जाते त्याच दिवसांत, ही कामं हातात घ्यावीत. म्हणजे पुढची दिवाळी सरून ट्रॉल्या निघतील तेव्हा बायकांना वाटेत पोटभर पाणी पिता येईल.