दोन दांडे, दोन स्प्रिंगा आणि पॉवर ग्रिड

पॉवर सिस्टीम स्टॅबिलिटीत रिसर्च करायचा विचार असेल, तर सिम्युलेशन सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक खेळणं काढा. वेस्टिंगहाऊसचे इंजिनिअर ग्रिस्कम यांनी १९२६ मध्ये ट्रान्समिशनच्या स्टॅबिलिटीचा प्रश्न अशाच यांत्रिक मॉडेलने समजावला होता. त्याचं सोपं रूप आपण बघू.

एकाच आसावर दोन दांडे आहेत. एक पक्का बसवलेला, म्हणजे मोठा ग्रिड. दुसरा मोकळा फिरणारा, म्हणजे आपला जनरेटर. दोघांची टोकं स्प्रिंगने जोडलेली आहेत, ती ट्रान्समिशन लाइन. मोकळ्या दांड्याच्या मुळाशी चकती, तिच्यावर दोरी गुंडाळून वजन लटकवलंय. हे वजन म्हणजे टर्बाइनची पॉवर. दांड्यांची लांबी म्हणजे व्होल्टेज आणि दोघांमधला कोन म्हणजे पॉवर अँगल.

आता गंमत बघा. स्प्रिंगची न ताणलेली लांबी शून्य मानली, तर तिचा टॉर्क येतो: स्प्रिंगचा कडकपणा × दोन्ही लांब्या × कोनाचा साइन. लाइनमधून जाणाऱ्या पॉवरचं सूत्रही असंच आहे, फक्त कडकपणाच्या जागी १ भागिले रिअॅक्टन्स. म्हणजे ही नुसती उपमा नाही, समीकरण तेच आहे. साइनमुळेच ९० अंशांनंतर कोन वाढला की स्प्रिंगचा टॉर्क कमी होत जातो.

समजा दोन समांतर लाइन आहेत, म्हणजे दोन स्प्रिंगा. दोन्ही मिळून जास्तीत जास्त टॉर्क २ युनिट. वजन ०.८ असेल तर दांडा साधारण २४ अंशांवर स्थिर राहतो. आता एक स्प्रिंग कापा. कमाल टॉर्क १ उरतो आणि नवा संतुलनबिंदू ५३ अंशांवर जातो. दांडा वेगाने तिथे येतो, पुढे झुकतो, पण परत फिरतो. सिस्टीम वाचली.

वजन ०.९ केलं तर? नवा संतुलनबिंदू ६४ अंशांवर आहेच. पण घर्षण नसेल तर दांडा तिथे थांबत नाही. वाटेत मिळवलेली गतिज ऊर्जा स्प्रिंग शोषू शकत नाही, ११६ अंश ओलांडले की तो सुटतो. संतुलनबिंदू असणं वेगळं आणि तिथे पोहोचता येणं वेगळं. हाताने करून बघा: दोन क्षेत्रफळांची तुलना आहे, अर्धं पान पुरतं. पुस्तकातला 'इक्वल एरिया क्रायटेरियन' तो हाच.

मॉडेल कुठे संपतं हेही तितकंच महत्त्वाचं. ३० जुलै २०१२ ला ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि पाठोपाठ उत्तर भारताचा ग्रिड कोसळला. त्या लाइनवर फॉल्ट नव्हता. जड लोडमुळे रिलेने ती तोडली. आपल्या खेळण्यात असा रिले नाही, स्प्रिंग आपण कापतो. दांड्यांची लांबीही आपण कायम धरली, प्रत्यक्षात व्होल्टेज बदलतं. आणि सोलर इन्व्हर्टरला तर फिरणारं वस्तुमानच नसतं, मग तिथे दांडा कसला काढायचा?

तेव्हा पेपर वाचताना दोन प्रश्न विचारा: इथे दांडा कोण, स्प्रिंग कोण? आणि लेखकाने काय कायम धरलंय? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच बहुतेकदा तुमचा रिसर्च प्रॉब्लेम दडलेला असतो.