पावसातली दुचाकी आणि गारठलेले शरीर

पावसाळ्यात दुचाकी घसरली की दोष रस्त्याला दिला जातो. खड्डे, चिखल, पहिल्या सरीत वर आलेले ऑइल ही कारणे खरीच आहेत. पण चालवणाऱ्याला ‘किती वेळ भिजत होतात?’ असे विचारले, तर ‘असेन तास-दोन तास’ असे उत्तर बऱ्याचदा मिळते. ते अपघाताच्या नोंदीत कुठेच येत नाही. माझ्या मते ते यायला हवे.

आपले शरीर आतून ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज किंवा आंबोलीच्या घाटात हवा वीस-बावीस अंशांवर असते. तेवढ्या हवेत कोरड्या अंगाने बसलो तर कुणाला थंडी वाजणार नाही. मात्र पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि ओल्या कापडात हवेऐवजी पाणीच अडकलेले असते. सुती शर्ट आणि जीन्स या बाबतीत सर्वांत वाईट. जीन्सचे कापड भिजले की ऊब देण्याचे काम जवळजवळ सोडूनच देते आणि वाळायला पूर्ण दिवस घेते.

त्यात वाऱ्याची भर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि भिजलेल्या कपड्यांत तेवढे पाणी सहज मावते. नुसता बसून असलेला माणूस तासाला ऐंशी-शंभर किलोकॅलरी उष्णता तयार करतो. कपडे सुकवायला लागणारी काही उष्णता हवेतून मिळते, उरलेली तुमच्या अंगातून जाते. कुणी म्हणेल, पावसात हवा दमट असते, मग वाफ कशी होईल? वाफ कमी होते हे खरे, पण त्वचा भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे ती थांबत नाही. साठच्या वेगाचा वारा तर त्वचेजवळची उबदार हवा टिकूच देत नाही.

इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनसारख्या, सुटे भाग घरी जोडून तयार करायच्या उघड्या मोटारी तिथल्या पावसातही हौसेने चालवल्या जातात. तिथे निदान समोर काच असते. गाडी धावत असली तर बराच पाऊस काचेवरून डोक्यामागे निघून जातो आणि सिग्नलला थांबल्यावरच माणूस खरा भिजतो. आपल्या दुचाकीचे उलटे आहे. वेग वाढवला की पाऊस आणि वारा दोन्ही छातीवर. आणि लहान मुलाला पुढे उभे केलेत, तर काचेचे काम ते मूल करते. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. वडील मागे बऱ्यापैकी उबदार आणि पुढे पोराचे ओठ निळे, हे दृश्य पावसाळ्यात दुर्मीळ नाही.

गारठा वाढू लागला की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा आवळते, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत उबदार राहावेत. (मधल्या भागात रक्त वाढल्याने मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू लागतात. भिजल्यावर सारखी लघवीला लागते ती यामुळे.) या काटकसरीची किंमत बोटे मोजतात. ती बधिर आणि जड होतात, ब्रेक आणि क्लच दाबायला उशीर होतो, किती जोर लावला याचा अंदाज येत नाही. मग ब्रेक एकदम करकचून दाबला जातो आणि ओल्या रस्त्यावर चाक घसरते. ताशी ५० किलोमीटर वेगात दुचाकी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. हाताने अर्धा सेकंद उशीर केला तर सात मीटर गेले, म्हणजे जवळजवळ दोन छोट्या मोटारींची लांबी. ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारे अंतर कोरड्याच्या दुप्पट धरावे लागते, ते वेगळेच.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आपल्याकडे दुचाकीस्वारात तो जिवावर बेतण्याइतका क्वचितच दिसतो. पण त्याच्या अलीकडची पायरी फसवी असते. माणूस चिडचिड करतो, बोलणे अडखळते, ‘आता थांबायचे नाही, अर्ध्या तासात घर येईल’ असा हट्ट धरतो. सोबत्याने ओळखायचे असते. ज्याला गारठा चढला आहे त्याला ते कळत नाही. वृद्ध, अंगाने बारीक असलेली माणसे आणि थायरॉइड कमी असलेले रुग्ण यांना हे लवकर होते. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेली असेल, तर गार पडलेला किंवा खरचटलेला पाय त्यांना समजतही नाही.

अशा वेळी सरळ थांबावे. टपरीच्या आडोशाला ओले कपडे काढून कोरडे घालावेत, आधी छाती-पोट उबदार करावे आणि गरम गोड चहा घ्यावा. हातपाय जोराने चोळू नयेत. ‘अंगात ऊब येते’ म्हणून दारू घेणे तर सर्वांत घातक. त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते आणि प्रत्यक्षात आतली उष्णता भराभर बाहेर पडते. गार पडलेल्या माणसाची हुडहुडी अचानक थांबली आणि तो पेंगू लागला, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये. त्याला तोंडाने काही न देता १०८ ला फोन करावा. मुळात वारा अडवणारा रेनकोट हवा. डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा शर्ट महागड्या जॅकेटपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता छत्रीबद्दल, कारण त्याचा मला खरोखर राग येतो. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, एका हातात पिशवी किंवा बाळ, दुसऱ्या हातात उघडी छत्री. मीटरभर रुंद छत्री ताशी ५० च्या वेगात दहा-बारा किलोच्या जोराने मागे ओढते. समोरून ट्रक गेला की झटका आणखी वाढतो. बाई पाठीमागे पडते आणि डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आपटतो. मार मागे बसला तरी मेंदूला जखम बऱ्याचदा पुढच्या बाजूला होते, कारण मेंदू कवटीत हलून आपटतो. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे. हेल्मेट घातले की छत्री उघडायचे कारणही बरेचसे उरत नाही.

पडल्यावर माणूस उठून बसतो, बोलतो, ‘काही झाले नाही’ म्हणतो. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर असा शुद्धीचा काळ काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत राहू शकतो. नंतर डोकेदुखी वाढत जाते, उलट्या होतात, झोप येऊ लागते, एक बाहुली मोठी दिसते. ‘दमली आहे, झोपू द्या’ म्हणून तिला घरी नेऊ नका. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि ती किती वाजता पडली हे डॉक्टरांना आधी सांगा.