रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे नेमकं काय?

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं संपादन केलं आहे.)

हिंगणघाटहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली आहे. "दादा, तीन दिवसांपासून ताप अन् खोकला आहे. रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह आली. आता गावी आजीजवळ गेलो तर चालते ना?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. नको भाऊ, इतक्यात नको. का नको, हे कळायला आपल्याला थोडं लॅबमध्ये डोकवावं लागेल. उदाहरण कोरोनाचंच घेऊ, कारण नाकातली ती काडी आपल्यापैकी बहुतेकांना आठवते.

दोन टेस्टमधला फरक

रॅपिड अँटिजेन टेस्ट विषाणूचं प्रथिन शोधते. पंधरा ते तीस मिनिटांत पट्टीवर रेघ दिसते. पण नमुन्यात विषाणू पुरेसा असेल, तरच. आरटी-पीसीआर विषाणूची जनुकीय सामग्री, म्हणजे आरएनए, शोधते. मशीन आधी त्याची डीएनए प्रत बनवतं आणि मग फेरीमागून फेरी तिच्या प्रती काढतं. प्रत्येक फेरीत जवळपास दुप्पट. त्यामुळे विषाणू अगदी थोडा असला तरी सापडू शकतो.

आता आकडे ऐका. जून २०२० मध्ये आयसीएमआरनं पहिल्या रॅपिड किटला मान्यता दिली. तेव्हाच्या तपासणीत त्या किटनं खरे बाधित ओळखण्याचं प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के निघालं. म्हणजे १०० बाधित लोक घेतले, तर त्यातल्या साधारण १६ ते ४९ जणांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट! उलट बाजूनं मात्र किट पक्कं होतं. निरोगी माणसाला चुकून पॉझिटिव्ह ठरवण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं.

म्हणून आयसीएमआरचा नियम असा होता: रॅपिड पॉझिटिव्ह आली तर ती पॉझिटिव्हच धरायची. रॅपिड निगेटिव्ह आली पण लक्षणं आहेत, तर आरटी-पीसीआर करायची. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबचं घरी करायचं किट आलं, मोबाइल ॲपवर फोटो टाकायचा ते. त्यालाही हाच नियम लागू होता.

थोडक्यात, निगेटिव्हचा अर्थ "तुला आजार नाही" असा होत नाही. त्याचा अर्थ "या नमुन्यात, या वेळी, या टेस्टला विषाणू सापडला नाही" एवढाच.

नमुन्याचा प्रवास

मे २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला. कोरोनाच्या काळात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी मेघेचं वैद्यकीय महाविद्यालय, या दोन ठिकाणी आरटी-पीसीआर होऊ लागली. दोन्ही वर्धा शहराला लागून. आता आष्टी किंवा कारंजाचा माणूस घ्या, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. स्वॅब त्याच्या तालुक्यात घेतला, तरी नळी लॅबपर्यंत जायला हवी, तीही बर्फात, २ ते ८ अंशांवर. आपल्याकडचा उन्हाळा काही सांगायला नको. नमुना तापला तर आरएनए खराब होतो.

लॅबमध्ये आधी नोंद, मग आरएनए वेगळा काढणं, मग मशीन. प्रत्यक्ष काम काही तासांचं असतं, पण नमुने एकत्र जमवून लावतात, म्हणून रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. "मशीन आहे तर लगेच का देत नाही?" असं काउंटरवर भांडू नका.

आणि स्वॅब घेताना डोळ्यांत पाणी येणारच. काडी नाकात सरळ मागेपर्यंत जायला हवी. डोकं मागे ओढलं आणि काडी वरवर फिरली, तर उत्तम मशीनसुद्धा काही करू शकत नाही.

कधी करायची?

बाधित माणसाला काल भेटलात आणि आज टेस्ट केली, तर ती निगेटिव्ह यायचीच शक्यता जास्त. विषाणू वाढायला काही दिवस लागतात. लक्षणं सुरू झाल्यावरचे पहिले काही दिवस नाकाच्या स्वॅबसाठी चांगले.

सीटी व्हॅल्यूचं काय?

किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला, तो हा आकडा. आयसीएमआरची मर्यादा ३५ होती. महाराष्ट्रानं ती २४ करता येईल का असं विचारलं. आयसीएमआरनं नाही म्हटलं, कारण संसर्ग पसरवणारे बरेच लोक सुटले असते. हा आकडा किट, स्वॅब आणि दिवस यांनुसार बदलतो. "माझी ३०, तुझी १८, तू जास्त सिरियस" हे व्हॉट्सॲपवरचं गणित सोडून द्या.

प्रत्येक सर्दीला टेस्ट हवी का?

नाही. स्वाइन फ्लूच्या काळात केंद्र सरकारनं रुग्णांचे अ, ब, क असे गट केले होते. सौम्य लक्षणांच्या अ आणि ब गटाला टेस्टची गरज नव्हती. गंभीर असलेल्या क गटाची टेस्ट आणि भरती, दोन्ही लगेच. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत जास्त उपयोगी पडतं. त्यामुळे जोखमीच्या रुग्णाला डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता ते सुरू करतात. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "रिपोर्ट आल्यावर माझ्या उपचारात किंवा घरच्यांच्या काळजीत काय बदलेल?"

रिपोर्ट हातात आला की

नाव, वय, नमुना घेतल्याची तारीख आणि टेस्टचा प्रकार, एवढं वाचा. आरटी-पीसीआर की अँटिजेन, हे तिथं लिहिलेलं असतं. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट असेल तर आजचा संसर्ग तिच्यावरून ठरत नाही.

आणि हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा: दम लागतोय, छातीत दुखतंय, ओठ निळे पडताहेत, माणूस गुंगीत आहे किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेलाय, तर रिपोर्ट काहीही असो, आधी दवाखाना गाठा.

हिंगणघाटच्या दोस्ता, तू आरटी-पीसीआरबद्दल डॉक्टरांना विचार, तोवर मास्क लाव आणि आजीला व्हिडिओ कॉल कर. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!